जुन्या गाडीतील कूलंटची गळती
इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय रेडिएटरचे झाकण उघडू नये, कारण दाबाखालचे कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) १०० अंशांच्या वरही तापलेले असू शकते आणि झाकण सैल होताच ते उसळून हात-तोंड भाजते. रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरावा आणि सकाळी त्यावरचा रंगीत, गोडसर वासाचा डाग नेमका कोणत्या भागाखाली पडला आहे, ते पाहावे. होज पाइपच्या क्लिपपाशी पांढरट पापुद्रा धरला असेल आणि दाबल्यावर रबर कडक लागत असेल, तर क्लिप आवळण्यात वेळ न घालवता पाइपच बदलावा. वॉटर पंपाच्या बारीक छिद्रातून थेंब येत असल्यास पंप बदलावा लागतो. सांडलेले कूलंट लगेच धुऊन काढावे. गोड चवीमुळे कुत्री-मांजरे ते चाटतात आणि दगावतात.