बॅकअप मार्ग: कागदावर दोन, घाटात एक

टेलिकॉमच्या ट्रान्समिशनमध्ये किंवा एनओसीत (नेटवर्कवर लक्ष ठेवणाऱ्या केंद्रात) नवीन रुजू झालात की सर्वांत आधी प्रत्येक वर्किंग (रोजच्या) आणि प्रोटेक्शन (बॅकअप) मार्गाचा जमिनीवरचा नकाशा मागून घ्या. सर्किटच्या नावात 'डायव्हर्स', म्हणजे वेगळ्या वाटेचं, लिहिलंय एवढ्यावर विसंबू नका. मुंबई-पुण्याचंच बघा. एक केबल रेल्वेलगत, दुसरी एक्स्प्रेसवेलगत, तरी दोन्ही खंडाळ्याच्या घाटातूनच जाणार. दरड कोसळली तर दोन्ही एकदम जाऊ शकतात. खरा वेगळा मार्ग कसारा घाट चढून नाशिक-संगमनेरवरून पुण्यात येतो. तो दोनशेहून जास्त किलोमीटर लांब पडतो. फायबरमध्ये दर किलोमीटरला ५ मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे जाऊन-येऊन दोनेक मिलिसेकंद वाढतात. बहुतेक सेवांना ते सहज चालतं.

एकाच घाटातल्या, पुलावरच्या किंवा डक्टमधल्या (केबलच्या नळीतल्या) लिंकना राउटरमध्ये एकच एसआरएलजी क्रमांक, म्हणजे एकाच धोक्यातल्या लिंकचा गट क्रमांक, द्या. बॅकअप शोधताना राउटर मग त्या लिंक टाळू शकतो. हा क्रमांक बहुतेक ठिकाणी हातानेच भरलेला असतो. ऑप्टिकलवाल्यांनी केबल दुसऱ्या डक्टमध्ये हलवली आणि आयपीवाल्यांना सांगितलं नाही, की तो खोटा ठरतो.

नवख्यांचा खरा गोंधळ होतो तो थरांच्या वेळा लावताना. खाली डीडब्ल्यूडीएम (एकाच फायबरमध्ये अनेक वेव्हलेंथ), त्यावर ओटीएन (त्या वेव्हलेंथवर डेटा भरून नेणारा थर), त्यावर आयपी-एमपीएलएस (राउटरचा थर). बिघाड कळल्यावर ओटीएनचं १+१ प्रोटेक्शन (दोन्ही मार्गांवर एकच सिग्नल सतत पाठवणारं) ५० मिलिसेकंदांत स्विच व्हायला हवं. पण वर बीएफडी (लिंक जिवंत आहे का हे राउटरांनी एकमेकांना सतत विचारणं) १० गुणिले ३ ठेवलं असेल, म्हणजे दर १० मिलिसेकंदांना एक संदेश आणि तीन चुकले की लिंक गेली, तर राउटर ३० मिलिसेकंदांतच लिंक गेली असं धरून बसतो. खाली ओटीएन मार्ग बदलतंय, वर एमपीएलएसही बदलतंय, थोड्या वेळाने वरचं पुन्हा मूळ जागी. कट एक आणि ग्राहकाला झटके दोन-तीन. म्हणून बीएफडी ५० गुणिले ३ ठेवा आणि पोर्टवरचा लिंक-डाउन विलंब (लिंक गेली हे मानण्याआधी थांबायची वेळ) १०० मिलिसेकंद. मात्र खाली प्रोटेक्शन नसलेल्या वेव्हलेंथवर हा विलंब अजिबात लावू नका, तिथे फास्ट रीरूट (राउटरने आधीच ठरवून ठेवलेल्या बॅकअपवर वळणं) ताबडतोब चालायला हवा. आणि खाली ओटीएनऐवजी ऑप्टिकल स्विच (थेट प्रकाशच दुसऱ्या फायबरकडे वळवणारा) असेल तर ५० मिलिसेकंद गृहीत धरू नका. स्विच झटकन फिरतो, पण कोहेरंट रिसीव्हरला नव्या मार्गाच्या डिस्पर्शनशी (फायबरमध्ये प्रकाशाचे पल्स पसरण्याशी) जुळवून घ्यायला जास्त वेळ लागू शकतो. टेस्टर लावून मोजा, मग टायमर ठरवा.

त्याच मार्गावर पीटीपी घड्याळ (नेटवर्कवरून अचूक वेळ पोचवणारी पद्धत) जात असेल तर दोन्ही दिशा एकत्रच स्विच व्हायला हव्यात. जाण्या-येण्यात नुसता १ किलोमीटरचा फरक पडला तरी वेळ २.५ मायक्रोसेकंदांनी चुकते, आणि टीडीडी मोबाइलला (एकाच फ्रिक्वेन्सीवर आळीपाळीने पाठवणाऱ्या-घेणाऱ्या) मुभा असते ±१.५ मायक्रोसेकंदांची.

क्षमतेचा हिशेब सोपा आहे: दोन लिंक एकमेकींचा बॅकअप असतील तर दोघींचा मिळून ट्रॅफिक एकीत मावला पाहिजे.

चाचणी करताना आधी प्रोटेक्शनची आरएक्स पॉवर (रिसीव्हरला मिळणारा प्रकाश) सुरुवातीच्या नोंदीशी ताडून बघा. बंद पडलेला बॅकअप तक्रार करत नाही. मग मॅन्युअल स्विच द्या, फोर्स्ड नको. मॅन्युअलचं प्राधान्य सिग्नल फेलपेक्षा खालचं असतं, त्यामुळे चाचणीत प्रोटेक्शन गेलं तर ट्रॅफिक वर्किंगवर परततो. पुढे एकदा फक्त आरएक्सची पॅचकॉर्ड काढून बघा, कारण एकाच दिशेचा बिघाड दोन्ही टोकांना सारखा दिसत नाही. वर्किंग दुरुस्त झाल्यावर त्यावर परत येण्याआधी थांबायचा डब्ल्यूटीआर टायमर ५ मिनिटांच्या खाली आणू नका. नाहीतर जोड सैल असला की ट्रॅफिक सारखा इकडून तिकडे उड्या मारतो. केबलचं काम संपलं की लॉकआउट (प्रोटेक्शनवर जायला घातलेली बंदी) काढला का, हे दोन्ही टोकांना लॉगिन करून बघा आणि शिफ्ट बदलताना वहीत वेळेसह लिहा.