‘फील’ या इंग्रजी शब्दाचा नेमका अर्थ कसा ओळखावा आणि तो कसा वापरावा

शब्दकोशात ‘फील’ काढला की वाटणे, जाणवणे, चाचपणे, हात लावून पाहणे असे एकामागोमाग एक अर्थ दिसतात. शिकणारा त्यातला ‘वाटणे’ तेवढा लक्षात ठेवतो आणि तिथेच घोटाळा सुरू होतो. हा शब्द एकटा वाचू नका. त्याच्या पुढे काय आलंय यावरच बहुतेक वेळा त्याचा अर्थ ठरतो.

१. आधी उच्चार पक्का करा

‘फील’ दीर्घ आहे. ऱ्हस्व म्हटलात तर तो भरण्याचा ‘फिल’ होतो, अर्ज भरतो तो. भूतकाळ ‘फेल्ट’, त्यातला ‘ट’ स्पष्ट ऐकू आला पाहिजे, नाहीतर ‘ही फेल’ म्हणजे ‘तो पडला’.

२. पुढे वस्तू असेल तर हात आठवा

स्पर्श हाच या शब्दाचा जुना अर्थ. जुन्या इंग्रजीतला ‘फेलान’ आणि आजच्या जर्मनमधला ‘फ्यूलेन’ एकाच कुळातले. ‘फील धिस क्लॉथ’ म्हणजे कापडाला हात लावून बघ. ‘फील द पल्स’ म्हणजे नाडी बघणे. मध्ये ‘फॉर’ आला की अर्थ सरकतो: ‘ही फेल्ट फॉर द स्विच’, त्याने अंधारात बटण चाचपलं. त्याच ‘फॉर’पुढे माणूस आला तर ‘आय फील फॉर हर’, तिच्यासाठी जीव तुटतो.

३. पुढे विशेषण असेल तर स्थिती

‘आय फील टायर्ड’ सोपं आहे. ‘द वॉटर फील्स कोल्ड’ इथे मात्र थांबा. स्पर्श आपल्याला होतो, पण वाक्याचा कर्ता पाणी. मराठीत आपण हेच ‘पाणी गार लागतंय’ असं सहज म्हणतो, त्यामुळे ‘लागणे’ मनात ठेवलंत की हा प्रयोग चुकत नाही. कापड ‘सॉफ्ट’ लागतं, ‘सॉफ्टली’ नाही.

४. ‘लाइक’ आला की दुप्पट लक्ष द्या

मला वाटतं, सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. ‘आय फील लाइक हॅविंग टी’ म्हणजे चहा घ्यावासा वाटतोय. ‘फील लाइक टू हॅव टी’ हे आपल्याकडे सर्रास ऐकू येतं, पण ते चूक. क्रियापद हवं तर ‘इंग’ लावूनच. नुसतं ‘आय फील लाइक अ कप ऑफ टी’ म्हटलं तरी तोच अर्थ. मात्र ‘आय फील लाइक अ फूल’ म्हणजे मूर्ख ठरल्यासारखं वाटतंय, आणि ‘इट फील्स लाइक रेन’ म्हणजे पावसाची लक्षणं दिसतायत. तिन्ही वाक्यांत शब्द तेच, म्हणून संदर्भ पाहूनच ठरवा.

५. मत सांगताना ‘इंग’ लावू नका

‘आय फील दॅट ही इज राइट’ बरोबर. ‘आय अ‍ॅम फीलिंग दॅट…’ नको. तब्येतीबद्दल मात्र ‘आय फील बेटर’ आणि ‘आय अ‍ॅम फीलिंग बेटर’ दोन्ही चालतात.

६. प्रत्येक ‘वाटणे’ला ‘फील’ करू नका

भीती वाटते, लाज वाटते, दया येते. मराठीत भावना आपल्याकडे येते आणि आपण ‘मला’ असतो. इंग्रजीत माणूस कर्ता होतो, आणि बऱ्याचदा ‘फील’ची गरजच पडत नाही: ‘आय अ‍ॅम स्केअर्ड’, ‘आय अ‍ॅम हंग्री’. कीव आली तर ‘आय फील सॉरी फॉर हिम’. इथला ‘सॉरी’ माफीचा नाही.

‘वाईट वाटणे’ आणखी अवघड. ‘डोन्ट फील बॅड, पण…’ अशी सुरुवात आपण ‘राग मानू नका’ या अर्थाने करतो. इंग्लंड-अमेरिकेतल्या माणसाला ‘फील बॅड’मध्ये अपराधीपणा, खंत किंवा तब्येतीची कुरकुर ऐकू येते. तिथे ‘डोन्ट टेक धिस द राँग वे’ म्हणा.

७. दवाखान्यातली वाक्यं पाठच करा

मुलांकडे परदेशी राहायला जाणाऱ्या आईवडिलांना याचा खरा उपयोग होतो. ‘हाउ आर यू फीलिंग?’ हा तब्येतीचा प्रश्न आहे, मन कसंय एवढाच नाही. डॉक्टर तळपायाला काहीतरी टेकवून ‘कॅन यू फील धिस?’ विचारतात, तेव्हा त्यांना ‘इथे कळतंय का?’ एवढंच हवं असतं. दुखत नसलं तरी स्पर्श कळत असेल तर उत्तर ‘येस’. दुखण्याबद्दल विचारलंय असं समजून ‘नो’ म्हटलं तर पायाला संवेदना नाही असा अर्थ निघेल. ‘डू यू फील डिझी?’ म्हणजे चक्कर येतेय का. ताप आल्यासारखं असेल तर ‘आय फील फीव्हरिश’. ‘आय अ‍ॅम फीलिंग फीव्हर’ नाही.

‘डू यू फील अप टू वॉकिंग?’ म्हणजे चालायची ताकद आहे का. यातला ‘टू’ कधीही गाळू नका. ‘फील’पुढे माणूस आणि मग नुसता ‘अप’ आला, तर अर्थ होतो अंगाला वाईट हेतूने हात लावणे, आणि ती गंभीर तक्रार समजली जाते.