जप्तीची नोटीस आली, आता वकील कसा गाठायचा?

निपाणी, खानापूर, चिकोडीकडं घराच्या दारावर बँकेची नोटीस चिकटली की माणूस आधी पाहुण्यांतला वकील गाठतो. तो बहुधा वाटणीचे दावे चालवणारा असतो, आणि इथंच दिवस निघून जातात. वकिलाच्या आधी नोटिशीवरचं कलम वाचा.

सरफेसी कायदा, २००२ (बँकेला कोर्टात दावा न लावता तारण जप्त करू देणारा कायदा) मधलं १३(२) दिसलं तर थकबाकी भरायला ६० दिवस आहेत. त्या मुदतीत लेखी हरकत द्या, बँकेला तिचं उत्तर १५ दिवसांत द्यावं लागतं. हे पत्र तालुक्याचा वकीलही नीट लिहितो. १३(४) ची ताबा नोटीस असेल तर मात्र ४५ दिवसांत कलम १७ खाली कर्जवसुली न्यायाधिकरणात अर्ज जायला हवा. "दिवाणी कोर्टातून मनाई आणतो" म्हणणाऱ्याकडून उठून या. कलम ३४ नं ती वाट जवळजवळ बंद केली आहे.

कर्ज कुणाचं तेही बघा. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सहकारी बँकांनाही हा कायदा लागू केला. तो खटला आपल्या शेजारच्या मुरगूडच्या बँकेचाच होता. पतसंस्थेचं कर्ज असेल तर मामला सहकार खात्याकडं किंवा लवादाकडं जातो, तिथं वकील त्या कामाचा लागतो. आणि तारण खरोखरची शेतजमीन असेल, म्हणजे ऊस-तंबाखू निघणारी, तर सरफेसीची जप्ती तिच्यावर चालत नाही. बिगरशेती केलेल्या प्लॉटला ही सूट नाही.

आपला बेळगाव जिल्हा बेंगळूरच्या न्यायाधिकरणाखाली येतो. पण कर्जखातं कोल्हापूरच्या शाखेत असेल तर पुण्यालाही अर्ज करता येतो. निपाणीकरांनी हे वकिलाला आवर्जून विचारावं, भाषेचाही प्रश्न सुटतो. बेळगावचा वकील घेतलात तर बेंगळूरला कोण उभं राहणार, त्याची फी वेगळी का, हे आधीच ठरवा. "कलम १७ चे अर्ज चालवलेत का? क्रमांक द्या," असं सरळ म्हणा. खरा वकील रागावत नाही.

आता पैशाचं. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि दिव्यांग यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत. अर्ज तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीकडं करा किंवा १५१०० वर फोन लावा. कर्ज आईच्या किंवा बायकोच्या नावावर असलं तरी घरचे पुरुषच स्वतःच्या नावानं चौकशी करतात आणि हात हलवत परत येतात. कर्जदार बाईनं स्वतः अर्ज करावा.

खासगी वकिलाची फी टप्प्याटप्प्यानं ठरवा: अर्ज, स्थगिती, पुढच्या तारखा. पावती घ्या. निकालातून टक्केवारी मागणं वकिलांना नियमानंच मना आहे. "जप्ती थांबवतो" अशी जाहिरात करणाऱ्यापासूनही लांब राहा, वकिलाला जाहिरात करायची परवानगी नाही. थकबाकी १० लाखांच्या आत असेल तर न्यायाधिकरणाचं शुल्क लाखाला ५०० रुपये पडतं.

सगळी पुंजी मात्र वकिलाला देऊन बसू नका. न्यायाधिकरण पुष्कळदा काही रक्कम भरायला लावूनच स्थगिती देतं. तेवढे पैसे बाजूला काढलेले असू देत.