विशेष मुलांसोबत काम करायचंय? सातारा-सांगलीत शिकत असतानाच करायची तयारी

बौद्धिक अक्षमता, ऑटिझम किंवा सेरेब्रल पाल्सी असलेल्यांसोबत काम करायचं ठरवलं असेल, तर कॉलेज शोधण्याआधी भारतीय पुनर्वास परिषद, म्हणजे आरसीआय, समजून घ्या. १९९२च्या कायद्याप्रमाणे विशेष शिक्षक, वाचा-श्रवण तज्ज्ञ आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांची या परिषदेकडे नोंदणी असावी लागते. म्हणून आधी काम ठरवा, मग त्या कामाची नोंदणी ज्यावर मिळते तो कोर्स आणि शेवटी कॉलेज. बहुतेक घरांत हे उलट्या क्रमाने होतं. जवळचं कॉलेज बघून प्रवेश घेतात आणि दोन वर्षांनी कळतं की या सर्टिफिकेटवर नोंदणीच होत नाही.

थेरपीकडे जायचं तर निर्णय दहावीनंतरच घ्यावा लागतो, कारण बारावी सायन्स हवं. फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीसाठी (रोजची कामं स्वतः करता यावीत म्हणून दिली जाणारी थेरपी) नीट द्यावी लागते. फिजिओथेरपी कराडला कृष्णा विश्व विद्यापीठात आहे. ऑक्युपेशनल थेरपीची सरकारी कॉलेजं मुंबई-नागपूरला आहेत. वाचा-श्रवणाच्या पदवीसाठी पुणे, मुंबई नाहीतर म्हैसूर गाठावं लागतं.

आर्ट्स-कॉमर्सवाल्यांनी हिरमुसायचं कारण नाही. बारावीला ५० टक्के असतील तर दोन वर्षांचं विशेष डी.एड. करता येतं. पदवीला ५० टक्के असतील तर सीईटी देऊन दोन वर्षांचं विशेष बी.एड. करता येतं. आरक्षित प्रवर्गांना गुणांत सवलत आहे. पदवीला मानसशास्त्र घेतलंत तरी मराठी, इतिहास, गणित असा शाळेत शिकवला जाणारा एखादा विषय सोबत ठेवा, बी.एड.ला अध्यापन पद्धती निवडताना तो लागतो. नुसतं एम.ए. मानसशास्त्र करून क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होता येत नाही, हेही आताच माहीत असू द्या.

प्रवेशाची फी भरण्याआधी आरसीआयच्या वेबसाइटवर संस्थेचं नाव शोधा आणि तीन गोष्टी ताडून पाहा: कोर्सचं पूर्ण नाव, त्यातला विशेष विभाग (म्हणजे तो कोणत्या अक्षमतेसाठी आहे) आणि मान्यता कोणत्या वर्षापर्यंत आहे. मान्यता ठरावीक वर्षांपुरतीच असते, त्यामुळे ‘गेल्या वर्षी होती’ या उत्तरावर विसंबू नका. विभागही महत्त्वाचा आहे. श्रवणदोषाचं डी.एड. केलं की बौद्धिक अक्षमतेच्या जागेवर अडचण येते.

आता खरी तयारी. ती पदवीच्या वर्षांतच होते आणि तिला मार्क नसतात. विभागप्रमुखांच्या सहीचं, प्राचार्यांचा शिक्का असलेलं पत्र घेऊन जवळच्या विशेष शाळेत जा आणि आठवड्यातला एकच ठरलेला वार, दोन तास, अख्खं सत्र मागा. एका आठवड्याची धावती भेट कुणाच्याच कामाची नसते. ऑटिझम असलेल्या मुलाला रोज नवा चेहरा म्हणजे रोज नवी धास्ती. पहिले काही आठवडे नुसतं बघा. फोटो काढू नका. न विचारता खाऊ देऊ नका, कारण काही मुलांना गिळायला त्रास असतो.

तिथे शिकायची पहिली गोष्ट म्हणजे कामाचे तुकडे पाडणं. इलॅस्टिकची पॅन्ट घालण्याचंच बघा. लेबल मागे येईल अशी कमरेला धरणं, एक पाय घालणं, दुसरा पाय घालणं, गुडघ्यापर्यंत ओढणं, मांडीपर्यंत ओढणं, कमरेपर्यंत ओढणं. शेवटाकडून शिकवायला घ्या. पहिले पाच तुकडे तुम्ही करा, शेवटचं ओढणं मुलाला करू द्या. ते जमलं की मांडीचा टप्पाही त्याच्याकडे सोपवा. यात काम दर वेळी मुलाच्याच हातून पूर्ण होतं, म्हणून तो टिकतो. सुरुवातीला त्याच्या हातावर हात ठेवा, नंतर फक्त कोपराला स्पर्श, मग नुसतं बोट दाखवणं. मदत करण्याआधी मनात पाचपर्यंत मोजा. बिघडतं ते बहुतेक बोलण्यामुळे. एक बाई ‘वर ओढ’ म्हणतात, दुसऱ्या ‘घाल पटकन’, आणि मूल हात थांबवून पुढच्या आवाजाची वाट बघू लागतं. एकच शब्द ठरवा आणि तो घरीही कळवा. कोणत्या तुकड्याला किती मदत लागली ते रोज लिहा. शाळांमध्ये वापरल्या जाणाऱ्या एफएसीपी या तपासणी सूचीत ८० टक्के बाबी जमल्यावर मूल पुढच्या गटात जातं. तुमच्या रोजच्या नोंदी तिथे उपयोगी पडतात.

दुसरी गोष्ट वर्तनाची नोंद. ‘आज फार त्रास दिला’ या वाक्यातून काहीच हाती लागत नाही. असं लिहा: गणिताचा कागद समोर ठेवला, त्याने फाडला, बाईंनी गणित थांबवून खेळणं दिलं. आधी काय, मग काय, नंतर काय. तीन-चार दिवस हेच दिसलं तर कागद फाडला की सुटका होते, हे आपणच त्याला शिकवतोय. उपाय रागावणं नव्हे. गणितं कमी करा आणि ‘थांबूया’ सांगायला चित्राचं कार्ड द्या.

एखाद्या मुलाला फिट आलेलीही दिसेल. घड्याळ बघा, आजूबाजूच्या टणक वस्तू हलवा, डोक्याखाली मऊ काहीतरी द्या, कुशीवर वळवा. तोंडात चमचा घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका, हातपाय दाबून धरू नका. पाच मिनिटांत थांबली नाही तर थेट दवाखाना.

कागदपत्रंही शिकून घ्या. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारच्या अक्षमता आहेत. यूडीआयडी कार्ड (अक्षमतेचं सरकारी ओळखपत्र), केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाची एक लाखापर्यंतची निरामय आरोग्य विमा योजना आणि अठरा वर्षांनंतरचं कायदेशीर पालकत्व, हे तीन अर्ज एखाद्या पालकासोबत बसून भरलेत की पुढे पालक तुमच्याकडे विश्वासाने येतील. अठरानंतर शाळा संपते, माणूस घरी बसतो आणि आईवडील थकत जातात. अशा मोठ्यांना काम शिकवणाऱ्या कार्यशाळांना माणसं हवी आहेत. तिकडेही एक सत्र काढा.

नोकरीचं म्हणाल तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१च्या निकालानंतर केंद्र सरकारने २०२२ मध्ये प्राथमिकला दहा आणि वरच्या वर्गांना पंधरा विशेष विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक, असं प्रमाण ठरवून दिलं आहे. खासगी शाळेत रुजू होण्याआधी मात्र ती अनुदानित आहे का, पद मंजूर आहे का, हे लेखी विचारा. विनाअनुदानित शाळेत मानधन तुटपुंजं असू शकतं. निकाल लागला की नोंदणीचा अर्ज लगेच करा, आणि नूतनीकरणासाठी लागणाऱ्या प्रशिक्षणांची प्रमाणपत्रं पहिल्या दिवसापासून एकाच फाइलमध्ये लावा.