जुन्या रॉक गायकाचा गळा नाचाच्या ठेक्यावर कसा बसवायचा

ऑक्टोबर २०२१ मध्ये ७४ वर्षांचे ब्रिटिश गायक एल्टन जॉन सोळा वर्षांनंतर ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर आले, तेही 'कोल्ड हार्ट' या रीमिक्सवर. ऑस्ट्रेलियाच्या प्नाउ या त्रयीने 'सॅक्रिफाइस' (१९८९), 'रॉकेट मॅन' (१९७२), 'किस द ब्राइड' (१९८३) आणि फारसं कुणाच्या ओठांवर नसलेलं 'व्हेअर्ज द शूराह?' (१९७६) यांचे तुकडे जोडून ते बांधलं. अख्खं गाणं उचलून खाली ढोल लावला असता, तर ही गंमत आली नसती.

म्हणून सुरुवात तुकड्यांपासून करा. ज्या ओळीच्या आधी-नंतर श्वासापुरती जागा आहे आणि जी चार किंवा आठ बारमध्ये (बार म्हणजे सहसा चार मात्रांचा खंड) पुरी होते, ती घ्या. गाजलेलं ध्रुपद एकच ठेवा, बाकी कमी ऐकलेलं निवडा.

परवानग्या याच टप्प्यावर मागा. मूळ ध्वनिमुद्रण आणि मूळ रचना यांचे हक्क वेगळे असतात, दोन्ही लागतात. रेकॉर्ड कंपनीकडे मल्टिट्रॅक टेप, म्हणजे गळा आणि वाद्यं वेगवेगळी मुद्रित केलेली टेप, असेल तर गायकाचा स्वतंत्र ट्रॅकच मागून घ्या. सॉफ्टवेअरने वेगळा काढलेला आवाज जिथे झांज वाजते तिथे पाण्याखालून आल्यासारखा होतो, आणि ठेका थांबला की ते उघडं पडतं. टेपवरच्या ट्रॅकमध्येही ड्रम किंवा गिटार अनेकदा थोडी झिरपलेली असते. दोन ओळींमधल्या जागा हाताने कापा, पण श्वास ठेवा. श्वास गेला की माणूस गेला.

आता लय. सत्तरच्या दशकातले बरेच बँड क्लिकशिवाय, म्हणजे कानात मेट्रोनोमची टिकटिक न घेता, वाजवत. कडव्यात ११२ बीपीएम (मिनिटाला ११२ मात्रा) असलेला ड्रमर ध्रुपदात सहज ११५ वर जातो. त्यामुळे फाइलला एकच बीपीएम देऊन मोकळं होता येत नाही, दोन-तीन बारनंतर आवाज ठेक्यावरून घसरतो. प्रत्येक बारच्या समेवर खूण करा आणि ती ग्रिडवर, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या मात्रांच्या समान रेषांवर, आणा. मधल्या शब्दांना हात लावू नका. रॉक गायक शब्द जरा मागे रेंगाळत टाकतो, आणि तो रेंगाळा सरळ केला की यंत्र गातंय असं वाटतं.

ताणण्याला मर्यादा आहे. ११२ वरून १२० म्हणजे सुमारे ७ टक्के, चालतं. ७० बीपीएमचं संथ गाणं १२० च्या ठेक्यावर घ्यायचं तर आवाज ६० वर आणून निम्म्या लयीत ठेवावा लागतो, म्हणजे १४ टक्के मंद. इथे कंप बिघडतो: सेकंदाला साडेपाच वेळा हलणारा स्वर पावणेपाचवर येतो आणि तरुणपणी गायलेली ओळसुद्धा थकलेली वाटते. अशा वेळी ठेकाच १२६ वर न्या. मग आवाज ६३ वर येतो आणि मंद होणं १० टक्क्यांवर थांबतं.

सूर तपासल्याशिवाय बास वाजवू नका. टेपचा वेग २ टक्के इकडेतिकडे असला तरी सूर ३४ सेंटने हलतो, म्हणजे एका अर्धस्वराचा तिसरा हिस्सा. आवाज मोजा आणि हवं तर सिंथेसायझर त्या सुराला लावा; उलटं केलं की आवाजाची चमक जाते. दोन गाण्यांच्या पट्ट्या वेगळ्या असतील तर एक-दोन अर्धस्वर सरकवा, त्यापुढे फॉर्मंट (गळ्याची ओळख ठरवणाऱ्या घुमाऱ्याच्या पट्ट्या) वेगळे सांभाळले तरी नाक चोंदल्यासारखा आवाज येतो.

वयाचा प्रश्न याहून अवघड. १९८७ साली एल्टन जॉन यांच्या घशावर शस्त्रक्रिया झाली आणि नंतर त्यांचा आवाज खाली उतरला. १९७२ चा आणि १९८९ चा गळा म्हणजे जवळपास दोन गायक. 'कोल्ड हार्ट'मध्ये 'रॉकेट मॅन'चं ध्रुपद तरुण गायिका डुआ लीपा गाते, आणि 'सॅक्रिफाइस'च्या भारदस्त आवाजाशेजारी ते जोडगाणं म्हणून बसतं. उंच भाग नव्या आवाजाला देणं हा सांधा लपवायचा उत्तम मार्ग.

मिक्सिंगमध्ये आवाजाचा १०० हर्ट्झखालचा भाग काढा, तिथे किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि बास राहतात. किकच्या प्रत्येक ठोक्याला बास दोन-तीन डेसिबल दबू द्या. गायकाला मात्र दाबू नका, नाहीतर प्रत्येक शब्द उचकी लागल्यासारखा येतो. प्रतिध्वनी लयीत हवा: १२० बीपीएमला एक मात्रा ५०० मिलिसेकंद, पाऊण मात्रा ३७५. जुन्या ट्रॅकमध्ये खोलीची घुमक आधीच असते, वर रिव्हर्ब, म्हणजे कृत्रिम घुमक, ओतला की शब्द विरघळतात.

डीजेसाठीच्या लांब आवृत्तीत सुरुवातीला आणि शेवटी ३२ बार नुसता ठेका ठेवा. रेडिओच्या तीन मिनिटांत आवाज पहिल्या दहा सेकंदांत यायला हवा. मास्टरिंगला, म्हणजे अंतिम आवाजपातळी बसवायला, देताना कमाल पातळीखाली ६ डेसिबल मोकळे सोडा, आणि त्याआधी मोनोमध्ये (डावी-उजवी बाजू एकत्र करून), फोनच्या स्पीकरवर एकदा ऐका. दोनदा गाऊन एकावर एक चढवलेला जुना आवाज मोनोत कधीकधी पोकळ होतो. तसं झालं तर दोनांतलं एकच गायन ठेवा.