कॅपचा ऑप्शन फॉर्म: या चुका टाळा

कॅप म्हणजे इंजिनीअरिंगची केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया, आणि ऑप्शन फॉर्म म्हणजे त्यात भरायची कॉलेज-शाखांची पसंतीक्रमानं यादी. त्यासाठीच्या एमएचटी-सीईटी या प्रवेश परीक्षेचा निकाल लागला की 92 परसेंटाईलला 92 टक्के समजून पेढे वाटले जातात. पेढे वाटा, पण तो आकडा गुणांचा नाही. त्या सत्रात बसलेली 92 टक्के मुलं तुमच्या बरोबरीला किंवा मागे आहेत, एवढंच तो सांगतो. परीक्षेला तीन लाख मुलं बसली असं धरलं, तर सुमारे चोवीस हजार तुमच्या पुढे आहेत. मेरिट नंबर लागला की नजर त्यावर ठेवा.

गेल्या वर्षीचा कटऑफ बघताना यादीतल्या प्रवर्गाच्या कोडचं शेवटचं अक्षर वाचा. एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी (जिच्या क्षेत्रात बारावी केली ती), ओ म्हणजे बाहेरची, एस म्हणजे राज्यस्तर. नांदेडहून बारावी केलेल्या मुलीनं पुण्यातल्या कॉलेजचा एच कटऑफ बघून उपयोग नाही. एल या अक्षरानं सुरू होणारे मुलींचे कोड मात्र तिनं जरूर बघावेत.

सर्वात महागात पडते ती क्रमाची चूक. ‘हे आपल्याला कुठलं मिळतंय’ म्हणत मुलं मनातलं कॉलेज खाली ढकलतात आणि हमखास मिळणारं वर घेतात. संगणक तुमची यादी वरून वाचतो आणि तुमच्या मेरिटला जी पहिली जागा रिकामी सापडेल ती देतो. वरचं नाही मिळालं तर खालच्यावरचा तुमचा हक्क तसूभरही कमी होत नाही. मग भीती कसली?

उलट बाजूही आहे. 2025-26 च्या नियमांनुसार पहिल्या फेरीत पहिला पर्याय, दुसरीत पहिल्या तीनांपैकी आणि तिसरीत पहिल्या सहांपैकी कुठलाही मिळाला, की जागा आपोआप फ्रीझ, म्हणजे पक्की होते. ती घ्या, नाहीतर पुढच्या कॅप फेऱ्या विसरा. म्हणून काकांच्या आग्रहाखातर नकोशी शाखा वर टाकू नका. यंदाचं माहितीपत्रकही वाचा, हे नियम बदलत असतात.

टीएफडब्ल्यूएसचा, म्हणजे शिक्षण शुल्क माफी योजनेचा चॉईस कोड (फॉर्ममध्ये भरायचा कॉलेज-शाखेचा क्रमांक) वेगळा असतो. वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असूनही तो कोड न भरल्यामुळे ही माफी हुकलेली कितीतरी घरं आहेत.

नॉन-क्रिमिलेयर दाखल्यावरची तारीख आजच बघा. तो पुढच्या 31 मार्चपर्यंत वैध हवा.