नव्या फिशटँकमधले मासे आठवड्यात का मरतात? पाण्याच्या या चुका टाळा

शनिवारी टाकी आणली, रविवारी मासे सोडले आणि पुढच्या शनिवारी निम्मे गेले. दुकानदार म्हणतो, ‘मासे नाजूक होते,’ आणि दुसरे देतो. माझ्या पहिल्या टाकीत हेच झालं. पाणी आरशासारखं नितळ होतं, त्यामुळे पाण्यावर संशयच आला नाही.

मासे कल्ल्यांवाटे सतत अमोनिया सोडतात, उरलेलं खाणं कुजूनही तो तयार होतो. त्याला रंग नसतो. जुन्या टाकीत फिल्टरच्या स्पंजवर आणि खडीवर वाढलेले जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन विषं आहेत. नायट्रेट मासे बऱ्यापैकी सोसतात. नव्या टाकीत हे जिवाणू नसतात. ते पुरेसे वाढायला साधारण 4 ते 6 आठवडे जातात. तेवढे दिवस टाकी माशांशिवायच चालवा: फिल्टर सुरू ठेवा आणि रोज चिमूटभर खाणं टाका, म्हणजे जिवाणूंना अमोनिया मिळेल. ओळखीतल्या कुणाच्या निरोगी टाकीतला मळका स्पंज मिळाला, तर हा काळ बराच कमी होतो. टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले आणि नायट्रेट दिसू लागलं, की टाकी तयार.

मधेच पाणी दुधाळ होतं आणि इथेच घात होतो. लोक घाबरून सगळं पाणी फेकतात, खडी धुतात, स्पंज नळाखाली पांढराशुभ्र करतात. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने जिवाणू मरतात आणि तीन आठवड्यांची मेहनत पाच मिनिटांत जाते. दुधाळपणा आपोआप बसतो. स्पंज फारच तुंबला, तर टाकीतलंच पाणी बादलीत घ्या आणि त्यात तो दोन-तीनदा हलका पिळा. बादलीत तपकिरी गाळ उतरेल, स्पंजचा रंग मात्र मळकटच राहील. तो तसाच राहू द्या. आवाज होतो म्हणून रात्री फिल्टर बंद करणं ही अशीच घातक सवय. वाहतं पाणी थांबलं की स्पंजमधला ऑक्सिजन संपतो.

पाणी कुठलं आहे?

नळाचं असेल, तर बादलीत 24 तास उघडं ठेवा किंवा अँटी-क्लोरीन वापरा. महापालिका क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग, ते सहज उडून जात नाही) वापरत असेल, तर नुसतं ठेवून भागत नाही.

बोअरचं असेल, तर जास्त जपायला हवं. आपल्याकडे ते बहुतेक जड असतं आणि पीएच (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा) 8 च्या आसपास जातो. 25 अंशांना पीएच 7 असेल, तर एकूण अमोनियाचा साधारण अर्धा टक्का भाग जहाल रूपात असतो. पीएच 8 ला तोच पाच टक्क्यांच्या वर जातो. म्हणून ‘मित्राच्या टाकीत चालतं’ हा हिशेब तुमच्या टाकीला लागू नाही. बोअरचं पाणी रात्रभर एअर पंप लावून ठेवा आणि मगच पीएच तपासा. ताज्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड असतो, त्यामुळे आकडा खोटाच कमी दिसतो.

पीएच उतरवायची औषधं ओतू नका. जड पाण्यातले बायकार्बोनेट (पीएच सावरून धरणारे क्षार) तो पुन्हा वर खेचतात आणि या चढउतारानेच मासे खचतात. त्यापेक्षा पाण्याला साजेसे मासे घ्या. गप्पी, मॉली, प्लॅटी जड पाण्यात मजेत राहतात. निव्वळ आरओचं पाणी हे उलट टोक: त्यात बायकार्बोनेट जवळजवळ नसतात. जिवाणूंच्या कामात जे थोडे असतात तेही खर्च होतात आणि पीएच एकदम कोसळतो. आरओ वापरायचंच असेल, तर साध्या पाण्यात मिसळून वापरा.

मासे आधीच सोडले असतील तर

मासे वर येऊन तोंड उघडत असतील, तर आधी 25–30 टक्के पाणी बदला, क्लोरीन काढलेल्या आणि टाकीतल्या पाण्याइतक्याच तापमानाच्या पाण्याने. खाणं दोन दिवस थांबवा. मोठे मासे त्याने मरत नाहीत. निळं औषध (मिथिलीन ब्लू) टाकू नका, त्याने जिवाणूही मरतात. पाणी तपासायला कागदी पट्टीपेक्षा थेंबांचं टेस्ट किट घ्या आणि नळीतला रंग दिवसाउजेडी, पांढऱ्या कागदासमोर धरून पाहा. अमोनियाच्या नळीत पिवळ्यावर (पिवळा म्हणजे शून्य) हिरवट झाक दिसली, की त्या दिवशी पुन्हा पाणी बदला. पिवळा रंग सलग आठवडाभर टिकला आणि नायट्राइटही शून्य राहिलं, तरच आणखी मासे आणा. तेही एका वेळी चार-पाच.